हिरड्यांची सूज, लाळेची टेस्ट आणि सीआरपी: सतत विचारले जाणारे प्रश्न

मेसेजमधून लोक जे परत परत विचारतात तेच प्रश्न इथे एकत्र केलेत, भाषा बरीचशी त्यांचीच ठेवलीये. मी हिरड्यांचं काम करणारी डेंटिस्ट आहे म्हणून उत्तरं हिरड्यांकडे झुकलेली आहेत. हार्ट किंवा शुगरचं विचारायचं असेल त्यांनी थेट ८, ९, १० वाचा, गुटखा-खर्रावाल्यांनी १५.

१. सगळे बायोमार्कर बायोमार्कर म्हणतात, पण ते नक्की असतं काय?

शरीरात आत काय चाललंय ते ज्याच्या मोजमापावरून कळतं अशी कुठलीही गोष्ट. सुजेचे मार्कर म्हणजे सूज चालू असताना आपल्याच पेशी जी रसायनं सोडतात ती. दाताच्या कडेला जंतूंचा थर साचला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, तिथे येतात आणि एमएमपी-८ नावाचं एन्झाइम सोडतात. हे एन्झाइम कोलॅजेन कापतं, आणि हिरडी दाताला ज्या धाग्यांनी धरून ठेवते ते धागे कोलॅजेनचेच असतात. शिवाय इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवत नेतात, रँक-लिगंड नावाचं प्रोटीन हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतं आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन त्याला अडवतं. म्हणजे सुरुवात जंतूंनी केली तरी दाताभोवतीचं हाड खरं तर आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेमुळे जातं, हे पेशंटला पटायला वेळ लागतो पण पटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

हे मार्कर तीन ठिकाणी सापडतात: लाळेत, हिरडी आणि दाताच्या फटीतून झिरपणाऱ्या पाण्यात, आणि रक्तात. रक्तातला तुमच्या ओळखीचा म्हणजे सीआरपी, तो लिव्हरमधे बनतो.

२. ब्रश करताना रक्त येतं. ही टेस्ट करून घेऊ का?

नाही, आधी डेंटिस्टकडे जा. रक्त येतंय म्हणजे सूज आहे हे टेस्टशिवायच कळलंय, त्यासाठी पैसे घालायची गरज नाही. १९६५ साली डेन्मार्कमधे १२ धडधाकट लोकांना ब्रश करणं पूर्ण बंद करायला लावलं होतं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि ब्रश परत सुरू केल्यावर परत ठीक झाल्या. इतकी ही गोष्ट सरळ आहे. कीटण काढून घ्या, नीट ब्रश करा, दातांच्या फटी साफ करायचा छोटा ब्रश वापरा आणि दोन-तीन आठवडे बघा. तरीही रक्त थांबलं नाही तर पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेल्या खोल फटी, मोजायला हवेत.

माझा साधा नियम सांगते, खाली तो सारखा येईल: टेस्टचा निकाल काहीही आला तरी तुम्ही आणि तुमचे डॉक्टर तेच करणार असाल तर ती टेस्ट करू नका.

३. एक्सरे आहे, ते टोचून मोजणं आहे, मग वेगळी टेस्ट हवीच कशाला?

चांगला प्रश्न आहे आणि बहुतेक वेळा उत्तर "नकोच" असं आहे. पण फरक समजून घ्या. एक्सरे म्हणजे पासबुक, आजवर किती गेलं ते दिसतं, आत्ता या घडीला जातंय का ते दिसत नाही. एखाद्या माणसाचं हाड दहा वर्षांपूर्वी खाली गेलेलं असतं आणि आज सगळं शांत असतं, दुसऱ्याचं हाड अजून छान दिसतं पण आत वेगाने नुकसान चालू असतं. प्रोबने, म्हणजे पॉकेट मोजायच्या बारीक सळीने, टोचल्यावर रक्त आलं तर सूज आहे हे कळतं, पण ज्या जागी रक्त येतं तिथे पुढे नुकसान होतंच असं नाही. नील्स लँग यांच्या १९८६ च्या अभ्यासात ज्या जागी लागोपाठ चारही व्हिजिटला रक्त आलं तिथेसुद्धा पुढे आधार सुटण्याची शक्यता ३० टक्के निघाली होती. उलट रक्त न येणं मात्र भरवशाचं आहे, त्यांच्याच १९९० च्या कामात अशा जागा ९८ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिल्या.

म्हणजे रक्त आलं तर अर्धवट माहिती, नाही आलं तर चांगली माहिती. त्या अर्धवट जागेत लाळेचा मार्कर थोडी मदत करतो.

४. लाळेची टेस्ट करतात कशी? सुई वगैरे?

सुई नाही. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो अॅक्टिव्ह एमएमपी-८ वर, यात हेलसिंकी विद्यापीठातल्या टिमो सोर्सा यांच्या टीमचं काम मोठं आहे, आणि त्यावर पेरिओसेफ नावाची टेस्ट निघालीये. आधी साध्या पाण्याने अर्धा मिनिट खळखळून चूळ भरायची, थुंकायची, एक मिनिट गप्प बसायचं. मग किटमधलं ५ मिली शुद्ध पाणी तोंडात घेऊन अर्धा मिनिट सगळीकडे फिरवायचं, गिळायचं नाही, आणि कपात सोडायचं. ते सिरिंजमधे ओढून फिल्टरमधून तीन-चार थेंब पट्टीवर टाकतात. पट्टी दिसायला अगदी प्रेग्नन्सी टेस्टची बहीण, एक रेघ म्हणजे ठीक, दोन म्हणजे वाढलेलं. पाच-दहा मिनिटांत निकाल.

दुसरी पद्धत म्हणजे एकेका दाताच्या फटीत कागदाची बारीक पट्टी अर्धा मिनिट ठेवून तिथलं पाणी टिपणं. हे पाणी इतकं कमी असतं की एका थेंबाचाही छोटासा अंश भरत नाही, आणि लाळ किंवा रक्त लागलं की नमुना बाद, त्यामुळे हे संशोधनात जास्त चालतं.

आपल्याकडच्या बहुतेक क्लिनिकमधे यातलं काही नसतं. नसेल तर तुमचा डॉक्टर मागासलेला आहे असं समजू नका, प्रोब आणि चांगला एक्सरे नीट वापरणारा डॉक्टर मिळाला तर नशीब समजा.

५. टेस्टच्या आधी उपाशी राहायचं का? माउथवॉश चालतो का?

उपाशी राहायची गरज नाही, पण लगेच आधी खाणं, ब्रश, पान-सुपारी नको. क्लोरहेक्झिडीनचा माउथवॉश चालू असेल तर आधीच सांगा, ते औषध स्वतःच एमएमपी एन्झाइम दाबतं. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लीन चालू असेल तरी तेच, का ते ११ मधे. नुकताच दात काढलाय, तोंड आलंय, अक्कलदाढेवरची हिरडी सुजलीये अशा वेळी टेस्ट पुढे ढकला, आकडा त्यामुळेही वाढू शकतो आणि उगाच घाबरायला होतं.

६. माझा आकडा २० च्या वर आलाय. आता दात पडणार का?

नाही. २० नॅनोग्रॅम प्रति मिली ही अॅक्टिव्ह एमएमपी-८ ची ठरवलेली सीमा आहे, त्याच्या वर म्हणजे तोंडात कुठेतरी कोलॅजेन कापणं जोरात चालूय असा इशारा. कुठल्या दाताला ते चुळीची टेस्ट सांगूच शकत नाही कारण सगळ्या तोंडाचं पाणी एकत्र झालेलं असतं. म्हणून पुढची पायरी एकच, प्रत्येक दाताला सहा जागी प्रोब लावून पूर्ण चार्टिंग. निम्मे डॉक्टर हे करत नाहीत असं पेशंट सांगतात, तुम्ही मागून घ्या, तुमचा हक्क आहे.

७. आणि निगेटिव्ह आला तर क्लीनिंग टाळलं तर चालेल?

नाही चालणार. ६ मिमीचा पॉकेट आणि त्यातून रक्त असं प्रत्यक्ष दिसत असेल तर पट्टीवरची एक रेघ त्याला खोटं पाडत नाही. एकाच दाताला त्रास असेल तर त्याचं एन्झाइम बाकीच्या तोंडाच्या पाण्यात विरून जातं. सिगारेटवाल्यांचा आकडा तर वेगळ्याच कारणाने कमी येऊ शकतो, १२ बघा. निगेटिव्हचा खरा उपयोग आहे तो उपचार झालेल्या माणसाला, ज्याचे पॉकेट कमी झालेत आणि प्रश्न एवढाच आहे की परत तीन महिन्यांनी बोलवायचं की सहा.

८. सीआरपी वाढलेला होता म्हणून हार्टच्या डॉक्टरांनी दाताकडे पाठवलंय. दातामुळेच वाढला असेल का?

असू शकतो, पण सीआरपी कुठलीही सूज असली की वाढतो, सर्दी-ताप, पोटाचा घेर, संधिवात, लघवीचं इन्फेक्शन काहीही. हार्टसाठी जो हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी करतात त्यात १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त धरतात. १० च्या वर गेला तर आधी दुसरं काही इन्फेक्शन आहे का ते शोधायचं आणि दोनेक आठवड्यांनी परत करायचा. हिरड्यांच्या आजाराने सहसा थोडीच वाढ होते, त्यामुळे ८०-१०० आकडा घेऊन कोणी आलं आणि गालावर सूज नाही, गिळायला त्रास नाही, तर मी दातात कारण शोधत वेळ घालवत नाही, फिजिशियनकडे परत पाठवते.

उलट दाढ दुखतेय, जबड्याखाली सूज उतरलीये, तोंड उघडत नाही, ताप आहे, गिळताना किंवा श्वासाला त्रास होतोय, तर सीआरपीचा रिपोर्ट यायची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. तिथे अॅडमिट झाल्यावर रोजचा सीआरपी फार कामाचा असतो, कारण पू काढून कारण मिटलं की तो साधारण १९ तासांत निम्मा व्हायला हवा, तसा उतरत नसेल तर कुठेतरी पू राहिलाय.

९. डीप क्लीनिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी सीआरपी दुप्पट! डॉक्टरांनी काही बिघडवलं का?

नाही हो. दुसऱ्या दिवशी मोजायलाच नको होता. २००७ साली लंडनमधला एक अभ्यास आला, १२० लोक, हिरड्यांचा जोरदार आजार असलेले. अर्ध्यांना एका बैठकीत कसून उपचार दिले. २४ तासांनी त्यांचा सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ वाढलेले होते, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचं कामसुद्धा तात्पुरतं बिघडलं होतं, पण ६० आणि १८० दिवसांनी तेच अस्तर साध्या क्लीनिंगवाल्यांपेक्षा चांगलं चाललं होतं. खोल साफ करताना जंतू आणि त्यांचे तुकडे रक्तात जातात, शरीर त्याला उत्तर देतं, आठवड्याभरात ते शांत होतं. म्हणून क्लीनिंगनंतर निदान दोन-तीन महिने जाऊ द्या आणि मग मोजा. ज्यांना नुकताच अटॅक येऊन गेलाय त्यांनी मात्र एका बैठकीत सगळं तोंड करून घेऊ नये, कार्डिओलॉजिस्टला विचारून टप्प्याटप्प्याने.

१०. शुगर आहे. हिरड्या साफ केल्यावर खरंच शुगर उतरते की डेंटिस्ट लोकांचं मार्केटिंग आहे?

खरंच उतरते, थोडी. २०२२ मधे कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने उपलब्ध अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट) सरासरी ०.४३ ने कमी झालेला दिसला, सहा महिन्यांनी ०.३० ने. ऐकायला छोटं वाटतं पण एखादी जादाची गोळी घालून साधारण याच्या आसपासच फरक पडतो, आणि इथे दातही वाचतात. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

उलटी बाजू जास्त महत्त्वाची आहे. शुगर जास्त असेल तर सुजेची रसायनं जास्त बनतात आणि जखम हळू भरते. २०१७ साली शिकागोला ठरलेल्या आणि २०१८ ला छापून आलेल्या नव्या वर्गीकरणात डायबेटिस असलेल्याचा एचबीएवनसी ७ किंवा वर असेल तर त्याचा हिरड्यांचा आजार सरळ सी ग्रेडला, म्हणजे वेगाने वाढण्याच्या गटात जातो. तेव्हा माझ्या मते हिरड्यांच्या पेशंटसाठी सगळ्यात उपयोगी मार्कर कुठला तर एचबीएवनसी. कुठल्याही लॅबमधे मिळतो आणि निकालावर उपचार खरोखर बदलतात. चाळिशी ओलांडलेल्या, अचानक हिरड्या बिघडलेल्या आणि शुगर कधीच न तपासलेल्या माणसाला मी आधी तोच करायला सांगते.

११. मार्कर वाढलेत तर ते कमी करायची गोळी नाही का?

आहे, आणि गोष्ट रंजक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकला लॉर्न गोलुब यांच्या टीमला १९८० च्या दशकात लक्षात आलं की टेट्रासायक्लीन जंतू मारण्याव्यतिरिक्त कोलॅजेन कापणारी एन्झाइमही अडवतं. त्यातून डॉक्सीसायक्लीन २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा डोस आला, इतका कमी की तो अँटिबायोटिक म्हणून काम करत नाही, फक्त एन्झाइम दाबतो. अमेरिकेत १९९८ साली त्याला मंजुरी मिळाली.

पण युरोपच्या २०२० च्या गाइडलाइनने ही गोळी रुटीनमधे देऊ नका असं सुचवलंय, कारण क्लीनिंगच्या जोडीला मिळणारा जादा फायदा थोडा आणि गोळ्या महिनोन्महिने घ्यायच्या. मला ते पटतं. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना तर नकोच. आणि मेडिकलमधून १०० मिलिग्रॅमची स्ट्रिप आणून स्वतःच "कोर्स" करणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार, थर तिथेच राहतो, सूज चार दिवस दबते, परत येते, आणि जंतू औषधाला सरावतात. ओमेगा-३, प्रोबायोटिकबद्दलही विचारतात, तीच गाइडलाइन त्यांनाही नाही म्हणते.

१२. मी सिगारेट ओढतो, पण हिरड्यातून कधीच रक्त येत नाही. म्हणजे ठीक ना?

उलट मला जास्त काळजी वाटते. सिगारेटने हिरडीतल्या रक्तवाहिन्यांची प्रतिक्रिया दबते, रक्त कमी येतं, हिरडी टणक आणि फिकट दिसते आणि खाली हाड जात राहतं. लाळेतला एमएमपी-८ सुद्धा कमी येऊ शकतो. म्हणजे रक्त आणि मार्कर दोन्ही गप्प, आणि दात हलायला लागल्यावर माणूस येतो. तुमच्यासाठी प्रोब आणि एक्सरे हाच आधार. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेट असतील तर वरच्याच वर्गीकरणात तुम्ही सी ग्रेडला जाता. सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त *जास्त* येऊ लागतं, घाबरून परत चालू करू नका, दबलेली प्रतिक्रिया मोकळी होतेय.

मिश्री लावणाऱ्या मावश्या-काकूंचं थोडं वेगळं असतं, बोट जिथे रोज घासतं तिथली हिरडी दातावरून खाली सरकते, मूळ उघडं पडतं, काळपट दिसतं. त्या सांगतात "मिश्रीने दात घट्ट होतात". ती बधिरता असते, घट्टपणा नाही. इथे कुठलाच मार्कर लागत नाही, आरसा पुरतो.

१३. पाचवा महिना चालूय, हिरड्या सुजल्यात. काही टेस्ट?

टेस्ट नको, क्लीनिंग हवं, आणि मधल्या तिमाहीत ते बिनधास्त करता येतं. प्रोजेस्टेरॉन वाढल्याने तेवढ्याच थराला हिरडी जास्त प्रतिक्रिया देते. सीआरपी तर गरोदरपणात तसाही थोडा वाढलेला असतो, त्यावरून हिरड्यांचं काही ठरवू नये. "बाळंत झाल्यावर बघू" असं घरचे म्हणतात, ऐकू नका.

१४. इम्प्लांट बसवलंय, त्याच्याभोवती मार्कर तपासतात म्हणे?

तपासता येतो, एमएमपी-८ इम्प्लांटच्या सुजेतही वाढतो आणि त्याची वेगळी किटही आहे. पण फक्त वरची हिरडी सुजलीये की हाडही जायला लागलंय हा फरक मार्कर करत नाही, तो एक्सरे करतो, आणि तोही जुन्या एक्सरेशी ताडून. म्हणून कॅप बसवली त्या दिवशीचा एक्सरे मागून घ्या आणि जपून ठेवा, फोनमधे फोटो काढून ठेवला तरी चालेल.

१५. खर्रा खातो, तोंड कमी उघडतं, तिखट झोंबतं. लाळेच्या टेस्टने कॅन्सर आहे का कळेल?

लाळेत इंटरल्युकिन-८ सारखे मार्कर तोंडाच्या कॅन्सरमधे वाढलेले सापडतात हे खरं, पण तेच हिरड्यांच्या सुजेतही वाढतात, म्हणून आज तरी कुठलीही लाळेची टेस्ट बायोप्सीची जागा घेत नाही. लाळेचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बायोप्सी टाळणं म्हणजे जिवाशी खेळ.

तुम्ही सांगताय ते सबम्युकस फायब्रोसिसचं वर्णन आहे. सुपारीतलं अरेकोलीन टीजीएफ-बीटा नावाचा मार्ग चालू करतं, गालात कोलॅजेन साचत जातं, आणि सुपारीतलं तांबं ते कोलॅजेन घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला जोर देतं, म्हणून पट्टे हाताला लागतात. गंमत नाही बघा, हिरड्यांच्या आजारात कोलॅजेन कापलं जातं आणि इथे ते साठत जातं, तोंड तेच. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा यात दोषी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे तरी मावा आणि खर्रा हातावर मळून मिळतोच.

निदान होतं ते दोन पुढच्या दातांमधलं अंतर मोजून, गालाला बोट लावून आणि गरज पडली तर बायोप्सी करून. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काही असेल तर याच आठवड्यात दाखवा. सुपारी बंद केल्याशिवाय इंजेक्शनं, व्यायाम काहीच नीट लागू होत नाही.

१६. संधिवातासाठी टोसिलिझुमॅब चालू आहे. सीआरपी एकदम नॉर्मल, मग हिरड्यांत सूज नाहीच ना?

हा अवघड अपवाद आहे. हे औषध इंटरल्युकिन-६ चा रस्ताच अडवतं आणि लिव्हरला सीआरपी बनवायला सांगणारा मुख्य निरोप तोच असतो. त्यामुळे इन्फेक्शन असतानाही सीआरपी खाली राहू शकतो. दातात पू आहे का हे तुमच्या बाबतीत आकड्यावरून नाही, बघून, ठोकून आणि एक्सरे काढून ठरवायचं. स्टिरॉइड चालू असतील तरी थोडंफार असंच. औषधांची यादी डेंटिस्टला आवर्जून दाखवा.

१७. नातेवाइकाने जीन टेस्ट सांगितली, हिरड्यांची. करू का?

इंटरल्युकिन-१ च्या जीनची टेस्ट १९९७ च्या संशोधनानंतर बाजारात आली. नंतरच्या अभ्यासांत निकाल एकसारखे आले नाहीत. आईवडिलांचे दात लवकर पडले असतील तर तेवढं सांगा, मी तुम्हाला तसंही लवकर-लवकर बोलावेन. २ मधला नियम लावा.

१८. हिरड्या सुजल्यात, क्लीनिंग झालं, तरी उतरत नाहीत. आणि मुलाचा दात चौथ्या वर्षीच पडला. काय तपासू?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत पण दोन्हीकडे साधी रक्ताची टेस्ट लागते.

मोठ्या माणसात आधी औषधं बघा, बीपीची अॅम्लोडिपिन, फिटची फेनिटॉइन, किडनी बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन यांनी हिरडी वाढते. पण हिरड्या पटकन फुगल्या, सोबत थकवा, ताप, अंगावर निळे डाग, रक्त थांबत नाही असं असेल तर त्याच दिवशी सीबीसी करा, ल्युकेमिया कधीकधी पहिल्यांदा हिरडीत दिसतो. अशा वेळी क्लीनिंग किंवा दात काढणं रिपोर्ट बघितल्याशिवाय कोणालाही करू देऊ नका.

लहान मुलात हिरडीला सूज नाही, पडल्याचा मार नाही, आणि पाच वर्षांच्या आत दुधाचा दात अख्ख्या मुळासकट निघाला तर अल्कलाइन फॉस्फटेज करून घ्या. हायपोफॉस्फटेशिया नावाच्या दुर्मिळ आजारात तो *कमी* येतो, आणि लॅबचे रिपोर्ट बहुतेक वेळा वाढलेल्या आकड्यालाच ठळक करतात म्हणून कमी आकडा नजरेतून सुटतो. मुलांची नॉर्मल रेंज मोठ्यांपेक्षा बरीच वर असते, तेव्हा मोठ्यांच्या रेंजशी ताडू नका, वयाची रेंज मागा. पडलेला दात धुवून कोरड्या डबीत ठेवा आणि सोबत घेऊन या, मूळ पूर्ण आहे का ते आम्हाला बघायचं असतं.